कळसूबाईचा सूर्योदय: सहा स्टॉपचा हिशोब

अडीच वाजता बारी गावातून चढायला लागलो, तेव्हा पुढे-मागे बॅटऱ्यांची नुसती रांग लागलेली. डिसेंबर आणि त्यात शनिवारची रात्र. महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर, त्यामुळे ज्याला त्याला सूर्य तिथूनच बघायचा असतो. लोखंडी शिड्यांपाशी चांगलेच ताटकळलो. फोटोसाठी जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा, नाहीच जमलं तर तासभर आधी निघा. चढायला तीन तास धरा. सूर्य या दिवसांत सातच्या सुमारास उगवतो, पण तुम्ही वर सहाच्या आत पाहिजे.

कारण मागच्या खेपेला मी ऐन उगवतीला धापा टाकत पोचलो होतो. घरी येऊन फोटो उघडले, तर निम्म्यांत आकाश सुरेख आणि खाली डांबर. उरलेल्या निम्म्यांत गवताची पात दिसते, पण सूर्याच्या जागी पांढरं भोक. डोळा दोन्हीकडे सांभाळून घेतो, सेन्सरला ते झेपत नाही.

म्हणून या वेळी आधी मोजलं. कॅमेरा स्पॉट मीटरिंगवर, म्हणजे फ्रेममधल्या एकाच ठिपक्याचा उजेड मोजणारा. अपर्चर (लेन्सचं भोक) एफ ८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००. साडेसहाला क्षितिजावरचं आकाश आणि पायाजवळचं गवत यांत जेमतेम तीन स्टॉपचा फरक होता. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. सूर्य वर आला आणि त्याच्या शेजारचं आकाश १/५०० सेकंदाचा शटर स्पीड मागायला लागलं, तर सावलीतला कातळ १/८. सहा स्टॉप! दर स्टॉपला दुप्पट, तेव्हा सहा म्हणजे चौसष्ट पट. हल्लीच्या कॅमेऱ्यांत रॉ फाइलमधून, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीतून, सावली दोन-तीन स्टॉप निवांत उजळता येते. त्यापुढे ओढली की दाणे दिसायला लागतात. आकाश एकदा पांढरं झालं की मात्र त्यातून काहीच परत येत नाही. म्हणून एकच फ्रेम घेणार असाल तर आकाश जपा.

बॅगेत तीन स्टॉपचा ग्रॅज्युएटेड एनडी फिल्टर होता, म्हणजे लेन्सपुढे लावायची उजेड कमी करणारी काच, वरून काळी, खाली येता येता पारदर्शक होणारी. समुद्रकिनाऱ्यावर हा देवमाणूस आहे, क्षितिज सरळ रेषेत असतं. इथे माथ्यावर देवीचं छोटं देऊळ फ्रेममध्ये घेतलं की त्याचा कळस थेट आकाशात घुसतो, आणि फिल्टर आकाशाबरोबर कळसालाही काजळी फासतो. त्यात दवाने काच दर दोन मिनिटांनी धुरकट. पुसून पुसून कंटाळलो आणि खिशात टाकला. सह्याद्रीच्या माथ्यावर फिल्टर नेऊ नये असं माझं मत झालंय. न्यायचाच तर सॉफ्ट न्या, ज्यात काळं हळूहळू विरत जातं.

राहिलं ब्रॅकेटिंग, म्हणजे एकाच दृश्याच्या कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम घेऊन नंतर जोडणं. उणे दोन स्टॉप, शून्य, अधिक दोन, अशा तीन फ्रेम. बदलायचा तो फक्त शटर स्पीड. ट्रायपॉडला बॅग लटकवा, नाहीतर तिथला वारा त्याला नाचवतो. टायमर दोन सेकंदांचा, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ठरवून एकच. आणि फोकस मॅन्युअलवर आणायला विसरू नका. मी विसरलो. पहिल्या चार सेटमध्ये दर फ्रेमला लेन्सने नवा विचार केला, त्यातले दोन जुळवताच आले नाहीत. वाऱ्यावर हलणारं गवतही तीन फ्रेममध्ये तीन जागी असतं. फोटो जोडताना गवत एकाच फ्रेममधून घ्या, आकाश दुसरीतून.

पण सगळ्यांत चांगली जमीन मला मिळाली ती सूर्य उगवण्याआधी, आणि तीही फुकटात. सव्वासहाला वीस सेकंदांचं एक्स्पोजर लावलं होतं. एक पोरगा देवळाला प्रदक्षिणा घालत आला आणि त्याची बॅटरी भिंतीवरून फिरली. मी मनात शिव्या घातल्या. स्क्रीनवर बघतो तर देवळाची भिंत हलकी उजळलेली आणि मागे निळं आकाश, दोन्ही तोलात. मग त्यालाच म्हटलं, "दादा, अजून एक फेरी मारतोस का?" त्याने तीन मारल्या. बॅटरी भिंतीवर रोखायची नाही, बाजूने ओझरती फिरवायची.

जागा धरताना एक ध्यानात ठेवा. डिसेंबरात सूर्य नेमक्या पूर्वेला उगवत नाही, तिथून पंचवीस अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. आम्ही अंधारात नेमकी पूर्व धरून ट्रायपॉड लावला आणि ऐन वेळी उचलून पळालो. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये आधी बघून घ्या. थंडीत कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या लवकर झोपतात, जादाची आतल्या खिशात ठेवा. विंडचीटर हवाच. मुंबईकडून येणाऱ्यांनी रेल्वेने कसारा किंवा इगतपुरी गाठायचं, पुढे घोटीवरून बारी.

सूर्य हातभर वर आला की पूर्वेकडचं दुकान बंद करा आणि मागे वळा. अलंग, मदन, कुलंग या किल्ल्यांच्या उजव्या अंगाला, खालच्या धुरकटावर, आपण उभे आहोत त्याच डोंगराची त्रिकोणी सावली पडलेली असते. तिकडे फरक इतका कमी की ना फिल्टर ना ब्रॅकेटिंग, एक फ्रेम पुरते. दहा मिनिटांत ती आखडत जाते. माझ्या फोटोत कोपऱ्यात एक गृहस्थ आलेत. माथ्यावर तेवढेच एक पश्चिमेकडे तोंड करून होते, तेही खालच्या टपरीवाल्याला चहासाठी हाक मारायला.