विनीवरचा ओपनर आणि मेलेले शायनर

पहाटे साडेचारला केबिनमधला लाईट लावला आणि बघतो तर काय, बादलीतले चार डझन शायनर, म्हणजे गळाला लावायचे छोटे मासे, जवळजवळ सगळे पोटं वर करून तरंगतायत. माझ्या पोटात गोळाच आला, कारण या ट्रिपमध्ये माझ्याकडे एकच काम होतं, आमिष सांभाळायचं. बोट काकांची, गाडी मित्राची, जेवण अर्धं त्यांचं अर्धं माझं आणि आमिष माझं. आणि रात्री बाहेर दोन डिग्री होतं म्हणून मीच ती बादली आत आणून हीटरजवळ ठेवली होती. गारठतील बिचारे म्हणून!

थोडं मागे जातो. मी मिनेसोटात राहतो, ट्विन सिटीजमध्ये, आणि ऑफिसातला एक मित्र दरवर्षी वॉलआय माशाच्या ओपनरला वडिलांबरोबर उत्तरेला जातो, यावेळी मला पण घेऊन गेला. हे त्याचे वडील म्हणजे काका. तोंडावर मी त्यांना नावानेच हाक मारतो कारण इथे तशीच पद्धत आहे, पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारताना अजून जीभ अडखळते, त्यामुळे इथे तरी काकाच.

ओपनर म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. वॉलआय हा मिनेसोटाचा राज्यमासा आहे, 1965 पासून, आणि फेब्रुवारीच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही, कारण बर्फ वितळलं की ते अंडी घालायला काठाला येतात. मग मेमधल्या एका शुक्रवारी रात्री बारा वाजले, म्हणजे तारीख शनिवारची झाली, की सीझन उघडला. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै बंदी असते आणि मग नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात जे वातावरण असतं ना, तसंच काहीतरी. फक्त नारळाच्या जागी बिअर. गव्हर्नरसुद्धा गळ घेऊन बसतात, 1948 पासूनची प्रथा आहे ती. आणि हा वीकेंड बरेचदा नेमका मदर्स डेला येतो, त्यावरून घराघरात काय होत असेल ते तुम्हीच समजा. काकू म्हणाल्या की चाळीस वर्षांत मला मदर्स डेला फक्त मासे मिळालेत.

आम्ही गेलो लेक विनिबिगोशिशला, सगळे त्याला विनीच म्हणतात. मूळ नाव ओजिब्वे भाषेतलं, अर्थ साधारण घाण पाणी असा होतो, पण मला तरी पाणी आपल्या कुठल्याही धरणापेक्षा स्वच्छ वाटलं. तळं जवळजवळ 58,000 एकर, म्हणजे जायकवाडीच्या निम्म्याहून मोठं, आणि गंमत म्हणजे मिसिसिपी नदी यातून आरपार जाते. ब्रेनर्डवरून 371 नंबरच्या रस्त्याने वर, वॉकर, कॅस लेक, मग हायवे 2 ने बेना. बेनात रस्त्याला लागूनच मस्की माशाच्या आकाराची अख्खी इमारत आहे, 1958 सालची, दात विचकून बसलेली. फोटो काढायला थांबलो तर मागे अजून तीन बोटवाले थांबले, सगळ्यांचं तेच चाललेलं.

माझी तयारी म्हणाल तर जोरात होती. महिनाभर व्हिडिओ बघून टॅकल बॉक्स भरला होता, रापाला कंपनीचे क्रँकबेट, म्हणजे माशाच्या आकाराची खोटी आमिषं, सात-आठ रंगांत, रबरी शेपट्यांची दोन पाकिटं आणि एक डबा जळवांचा. हो, जळू! आपल्याकडे पावसाळ्यात ट्रेकला पायाला लागली की मीठ टाकून काढतो तिच्यासारखीच, इथे पैसे देऊन विकत घेतात. बायकोने फ्रिजमध्ये बघितला तो डबा आणि दोन दिवस अबोला.

काकांनी बॉक्स उघडून बघितला, छान आहे म्हणाले आणि बंद केला. मग म्हणाले, बेट शॉपमधून स्पॉटटेल शायनर घे, बाकी काही लागत नाही. स्पॉटटेल म्हणजे बोटभर लांबीचा चांदीसारखा मासा, शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका असतो त्याला. त्याची शेती कुणी करत नाही, तळ्यातूनच पकडून आणावे लागतात, आणि बाहेरच्या राज्यातून असे आमिषाचे जिवंत छोटे मासे आणायला मिनेसोटात बंदी, त्यामुळे वसंत उशिरा आला की ओपनरला तुटवडा आणि भाव सोन्याचा. दुकानात रांग होती. काउंटरवरच्या बाईने पिशवी देताना बजावलं होतं की थंड ठेव, हवा दे. मी मान डोलावली आणि पुढे काय केलं ते वर सांगितलंच आहे.

तर पहाटे बादली घेऊन काकांपुढे गेलो, मान खाली. त्यांनी हात घालून ढवळलं, जे पाच हलत होते ते वेगळ्या डब्यात काढले, त्यात तळ्याचं गार पाणी आणि हवा सोडणारा एरेटर. मेलेले सगळे बर्फावर. आणि मला म्हणाले, "मेलेले जिगवर चालतात. जिवंत पाच रिगसाठी. आज आपल्याला दोन्ही लागणारेत." जिग आणि रिग हे गळाचे दोन प्रकार. बस, एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

पाणी 48 फॅरनहाइट होतं, म्हणजे 9 डिग्रीच्या आसपास, वारा पश्चिमेचा आणि तळ्यावर अशी बारीक खळबळ. याला इथले लोक वॉलआय चॉप म्हणतात आणि खूश होतात. कारण या माशाचे डोळे अंधारासाठी बनलेत, डोळ्याच्या मागे चमकणारा पडदा असतो, टॉर्च मारला की मांजरासारखे पेटतात. लाटांनी उजेड तुटला की तो दिवसाढवळ्या उथळात येऊन खातो. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला आपला जिताडाच आठवला, तेच पेटते डोळे आणि पाठीवर तसेच काटे.

पहिला तास मी हट्टाने माझंच सामान वापरलं. क्रँकबेट ओढला, काही नाही. जळू लावली तर ती गार पाण्यात गेल्या गेल्या सुपारीएवढा गोळा होऊन बसली, उलगडायलाच तयार नाही. पाणी तापल्यावर, जूनमध्ये, हीच जळू रिबनसारखी नाचते आणि मासे वेडे होतात म्हणे, पण आत्ता ती नुसती गोळी. इकडे मित्राने तीन काढले होते.

मग निमूट जिग घेतला. जिग म्हणजे हुकच्या मानेवर ओतलेली शिशाची गोळी, एवढंच. काकांनी दिलेला होता पाव औंसाचा, हिरवट पिवळा, एका बाजूचा रंग उडालेला. वारा पडला की औंसाच्या आठव्या हिश्शाचा लावायचा, तळ कळेल इतकंच वजन हवं, जास्त नको. मेलेला शायनर लावायची त्यांची पद्धत मी नीट बघून घेतली. हूक तोंडातून आत, कल्ल्यातून बाहेर, मग फिरवून पाठीच्या मधोमध टोचायचा, मासा हुकवर सरळ बसला पाहिजे, वाकडा बसला की पाण्यात गरगर फिरतो आणि तंगूसाला पीळ पडतो. आठ फूट पाण्यात सोडायचा, तळाला टेकला की वीतभर उचलायचा, परत टेकवायचा. हळू. मला वाटलं मी हळूच करतोय तर काका म्हणाले, अजून अर्ध्याने हळू. गार पाण्यात मासा पळत नाही, त्याच्या नाकासमोर ठेवावं लागतं. आणि मेलेला चालतो तो याचसाठी, त्याला जीव आपल्या मनगटाने द्यायचा.

ठोका वगैरे काही बसत नाही हो. नुसतं जड लागतं, ओला फडका अडकल्यासारखं. दहा मिनिटांत पहिला आला, पंधरा इंचाचा, सोनेरी हिरवा, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका. मी जो काय ओरडलो, शेजारच्या बोटीतले लोक हसले.

नऊ-साडेनऊला वारा पडला, ऊन आलं, पाणी आरसा, आणि जिग एकदम बंद. काकांनी बोट खोलात घेतली, तेरा-चौदा फूट, आणि तो पाच जणांचा डबा उघडला. आता लिंडी रिग. 1960 च्या दशकात ब्रेनर्डच्या लिंडनर बंधूंनी, रॉन आणि आल, हे प्रकरण लोकप्रिय केलं, आणि बघायला गेलं तर काहीच नाहीये त्यात. बुटाच्या आकाराचं शिसं, त्याच्या भोकातून दोरी आरपार सरकती, मग एक स्विवेल, म्हणजे फिरती कडी, अडवायला, पुढे तीन-चार फूट बारीक तंगूस आणि शेवटी छोटा हूक. बुटाच्या आकारामुळे शिसं दगडांवरून चालत जातं, अडकत नाही. खरी खुबी त्या भोकात आहे. मासा आमिष घेऊन निघाला की दोरी शिशातून सरकते, त्याला वजन लागतच नाही, म्हणून संशय येत नाही. शायनर मात्र इथे जिवंतच पाहिजे, दोन्ही ओठांतून हूक घालायचा, कारण नाचायचं काम आता त्याचं.

रीलचा बेल, म्हणजे दोरी अडवणारी तार, उघडा ठेवायचा आणि दोरी तर्जनीवर धरायची. टक. बोट सोडायचं, दोरी जाऊ द्यायची. मी काय केलं, टक झाल्या झाल्या हिसका मारला. हूक रिकामा, शायनर गेला. पाचातला एक. काका काही बोलले नाहीत, नुसता डबा पुढे सरकवला.

आणि मला आबा आठवले. आमचं गाव संगमेश्वरकडे, शास्त्री नदीवर, मे महिन्यात संध्याकाळी आबा मला गरवायला न्यायचे. बांबूची काठी, तंगूस, गरी आणि करवंटीत गांडुळं. मी दरवेळी हिसका मारायचो आणि आबा म्हणायचे, "हिसडू नको रे, गिळू दे त्याला, त्याला काय घाई नाय, तुलाच घाई." जवळजवळ आठ हजार मैलांवर तीच चूक करत होतो, वय बेचाळीस.

दुसऱ्यांदा टक झालं तेव्हा बोट सोडलं. दोरी बोटावरून सुळसुळ जायला लागली, थांबली, परत निघाली. काकांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला, थांब असा. मी मनात मोजत होतो, मराठीतच, सात, आठ, नऊ. हात खाली आला. बेल बंद केला, ढील गोळा केली आणि वर उचललं, आणि रॉड जो वाकला तो वाकलाच राहिला.

एकवीस इंच. या तळ्यावर 18 ते 23 इंचातला वॉलआय पाण्यात परत सोडायचा असा नियम, त्याच मापाच्या माद्या पुढची पिल्लं देतात. फोटो काढला, पाण्यात धरला, शेपटी हलली आणि गेला. आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा माझ्या हातात असेल नसेल दीड मिनिट. त्या पाच शायनरवर एकूण तीन मासे आले, एक माझ्या हिसक्यात गेला आणि एक काकांनी संध्याकाळी सोडून दिला, थकलाय म्हणाले, मेलेले भरपूर आहेत.

रात्री केबिनवर काकांनी फिले काढले, एका माशाला दोन मिनिटं लागत नाहीत त्यांना. मी घरून रवा, मालवणी मसाला आणि आगळ नेलं होतं, त्यांनी क्रॅकर्सचा चुरा लावून तळले, मी रवा लावून, दोन्ही संपले. डोकी ते टाकणार होते, मी मागून घेतली आणि रस्सा केला. काकांनी डोक्यातलं गालाचं मांस बरोबर शोधून खाल्लं, ते त्यांना माहीत होतं, रश्श्याला मात्र तीनदा पाणी प्यायले. उरलेल्या जळवा त्यांनीच नेल्या, जूनपर्यंत फ्रिजमध्ये टिकतात म्हणाले. काकूंना माहिती असावं, अशी आशा.

रविवारी सकाळी परत निघताना आईला फोन लावला, मदर्स डे ना, तिकडे रात्र झाली होती. सगळं सांगितलं, शायनर, काका, आबांची आठवण, एकवीस इंच. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"काटे असतात का त्याला?"

"नाही गं, फिले काढला की एक काटा नाही, लोण्यासारखा."

"काटे नाहीत? मग कसला रे तो मासा."