एप्कॉटच्या खाऊजत्रेला निघालेल्या नाशिककरांसाठी

उन्हाळ्यात मी नाशिकला येते तेव्हा कुणाचा ना कुणाचा अमेरिकेचा व्हिसा नुकताच झालेला असतो. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी टेक्सासात, आणि दिवाळीच्या सुट्टीत सगळे मिळून डिस्ने बघायला ऑर्लँडोला जाणार. आम्ही तिथेच राहतो म्हटल्यावर चहा पुढ्यात यायच्या आत प्रश्न सुरू होतात. त्यातला हल्ली हमखास येणारा म्हणजे, "ते एप्कॉटमध्ये खाण्याचं काहीतरी असतं ना गं? त्याच दिवशी जाऊ का?" गंगापूर रोडपासून इंदिरानगरपर्यंत घरोघरी दिलेली उत्तरं यंदा एकदाची लिहून काढते आहे.

आधी हे की डिस्ने वर्ल्ड हे एक पार्क नाही, चार आहेत. मॅजिक किंगडम, हॉलिवूड स्टुडिओज, अ‍ॅनिमल किंगडम आणि एप्कॉट. किल्लेवालं ते मॅजिक किंगडम. एप्कॉट म्हणजे तो भला मोठा चंदेरी गोल असलेलं, १९८२ मध्ये सुरू झालेलं. त्याच्या पुढच्या भागात विज्ञान, शेती, अवकाश असले विषय. मागच्या भागात एका तळ्याभोवती मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, इंग्लंड आणि कॅनडा असे अकरा देश मांडलेत. या भागाला वर्ल्ड शोकेस म्हणतात. भारत त्यात नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर काका लोक शोधत फिरतात. ते खाण्याचं काहीतरी म्हणजे एप्कॉटचा फूड अँड वाईन फेस्टिव्हल, तो १९९६ पासून भरतो. सध्या तो साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत चालतो, म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी बरोबर त्यात येते. नेमक्या तारखा दरवर्षी बदलतात, त्या डिस्नेच्या साइटवर बघूनच विमानाची तिकिटं काढा.

आता मुद्द्याचं. फेस्टिव्हलला वेगळं तिकीट नाही, पार्कच्या तिकिटातच प्रवेश आहे. आणि सगळा घोटाळा इथेच होतो. एका माणसाचं एका दिवसाचं तिकीट गर्दीच्या तारखांना दीडशे डॉलरच्या वर जातं. आपण मनातल्या मनात त्याचे रुपये करतो आणि ठरवून टाकतो की आता सगळ्या राइड्सही वसूल आणि सगळे स्टॉलही वसूल. असं होत नाही. एका रांगेत तास, दुसऱ्या रांगेत पाऊण तास, मग तीन वाजता भुकेने कावलेली मंडळी स्टॉलच्या रांगेत, आणि तेवढ्यात आभाळ भरून येतं. माझं स्पष्ट मत आहे: खायला जायचं असेल तर तो दिवस खाण्याचा ठेवा. दोन-तीन शांत राइड्स घ्या, बाकीच्या सोडून द्या. आणि मुलांना रोलर कोस्टरच हवा असेल तर फेस्टिव्हल विसरा, साधं जेवा. गार्डियन्स ऑफ द गॅलॅक्सी ही तिथली राइड उलट्या दिशेने सुसाट सुटते आणि वर गाडी गरागरा वळत राहते. पोटात चीज, सूप आणि बिअर घालून तिच्यात बसणाऱ्यांचे उतरतानाचे चेहरे मी पाहिलेत.

वार कुठला? सोमवार ते गुरुवार. शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारपर्यंत आमच्यासारखे वार्षिक पासवाले स्थानिक लोक ऑफिस सुटल्यावर थेट तिथे येऊन पडतात, आणि त्यांना राइड्सशी काही देणंघेणं नसतं, ते फक्त खायला येतात. म्हणजे तुमची रांगेतली स्पर्धा त्यांच्याशीच. वर्ल्ड शोकेस अकराला उघडतं. पहिले दोन तास सोन्यासारखे. त्यात पोटभर खाऊन घ्या, दुपारी गार हवेत बसा, संध्याकाळी फक्त फिरा. एप्कॉटला मागच्या बाजूनेही एक दार आहे, इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधोमध. स्कायलाइनर नावाची रोपवेसारखी पाळणागाडी तिथेच उतरवते. त्या मार्गावरच्या हॉटेलात राहणार असाल तर मागूनच शिरा. पुढून येणारी गर्दी तळ्यापर्यंत पोचेस्तोवर तुमचं फ्रान्स खाऊन झालेलं असतं.

स्टॉल म्हणजे छोटी लाकडी घरटी, दोन खिडक्यांची. पहिल्या खिडकीवर ऑर्डर आणि पैसे, हातात पावती. ती घेऊन दुसऱ्या खिडकीवर जायचं, ताट घ्यायचं. ताट म्हणते खरी, पण ती तळहाताएवढी कागदी डिश असते आणि तिच्यात चार-पाच घास. सहा ते दहा डॉलर, वर टॅक्स वेगळा, तो फळ्यावरच्या किमतीत धरलेला नसतो. पहिल्यांदा बघून आपल्याकडचे लोक "एवढंसंच?" म्हणतात आणि माणशी एक मागवतात. तसं करू नका. चौघांत दोन डिश घ्या, उभ्या टेबलापाशी थांबून एकेक घास वाटून खा, आवडलं तर पुन्हा घ्या. अशा सहा-सात डिशमध्ये दोन माणसांचं जेवण होतं. रांगेची कामंही वाटून घ्या: एकाने पैशाच्या रांगेत, दुसऱ्याने टेबल धरायला. याबाबतीत आपल्याला शिकवायची गरज नाही म्हणा, सिंहस्थात वाढलेली माणसं आपण.

खर्चाला लगाम हवा असेल तर फेस्टिव्हलचं गिफ्ट कार्ड मिळतं, मनगटाला अडकवायचं. त्यात ठरलेली रक्कम भरा आणि ती संपली की जेवण संपलं. क्रेडिट कार्डाचं बिल नंतर येतं, तेव्हा फार उशीर झालेला असतो. फेस्टिव्हलचा पासपोर्ट म्हणून एक छोटी पुस्तिका फुकट देतात, स्टॉलची यादी आणि मुलांना चिकटवायला स्टिकर. ती पहिल्यांदा घ्या, सकाळी बसून खुणा करा.

आता शाकाहाराचं सविस्तर, कारण निम्मे फोन यासाठीच येतात. यादीत हिरव्या पानाची खूण असेल तर त्या पदार्थात मांस, मासे, अंडं, दूध, मध काहीच नाही, ती डिश डोळे मिटून घ्या. पण ज्यावर पान नाही ते सगळं मांसाहारीच असतं असं नाही. चीजचे कितीतरी पदार्थ आपल्याला चालणारे असतात, दूध आहे म्हणून त्यांना पान मिळत नाही. तिथे विचारावं लागतं आणि नीट विचारावं लागतं. "व्हेज आहे का" या प्रश्नाला काही अर्थ नाही. माझ्या काकू खिडकीवर उभ्या राहून बोटं दुमडत एकेक मोजायच्या: नो मीट, नो चिकन, नो फिश, नो एग, नो ब्रॉथ. त्यातला ब्रॉथ महत्त्वाचा. भात, सूप, डाळीसारखं दिसणारं काहीही हाडांच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं. कॅनडाच्या स्टॉलवरचं चेडर चीजचं सूप सगळ्यात गाजलेलं, लोक त्याच्यासाठी रांगा लावतात, आणि त्यात बेकन असतं, म्हणजे डुकराचं मांस. गोडातल्या थरथरणाऱ्या, मऊ लुसलुशीत गोष्टींमध्ये जिलेटिन असू शकतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. खिडकीवरची पोरं कधीही वैतागत नाहीत, अ‍ॅलर्जीची माहिती मागितली तर काढून दाखवतात. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी मात्र वेगळी खूण नाही. त्यांनी फळं, पाव, गोड यावर भिस्त ठेवावी आणि पिशवीत काहीतरी न्यावं.

हो, नेता येतं! हे सांगितलं की सगळ्यांचे चेहरे खुलतात. डिस्नेच्या पार्कात घरचं खाणं आणि पाणी न्यायला परवानगी आहे. काचेच्या बाटल्या आणि दारू नाही. दारात पिशवी तपासतात, डबा बघतात आणि सोडतात. दशम्या, ठेपले, चिवडा, लोणच्याची फोड. जपानच्या पॅगोड्यासमोर बाकावर बसून कोंडाजीचा चिवडा खाण्यात एक वेगळीच ऐट आहे. पिण्याचं पाणी विकत घेऊ नका, बसून खायच्या काउंटरवर "आईस वॉटर" म्हटलं की पेला भरून फुकट देतात.

काही वर्षी फेस्टिव्हलमध्ये भारताचाही स्टॉल असतो. मसाल्याची भाजी-भात, पाव आणि चटण्या असं काहीसं. उत्सुकता म्हणून बघा, पण नाशिकहून चौदा-पंधरा हजार किलोमीटर येऊन पहिली डिश तिथे घेऊ नका. तिखट म्हणून लिहिलेलं असेल तर तेही मनावर घेऊ नका, आपल्या मिसळीवरच्या लाल तर्रीचा एक चमचा त्यांच्या अख्ख्या पातेल्याला पुरेल.

वाईनचं म्हणाल तर नाशिककरांना इथे घरचं मैदान. गंगापूर धरणाच्या बाजूला सुलाची पहिली वाईन २००० साली बाहेर आली, तेव्हापासून आपल्या घरांतल्या साठीतल्या लोकांनाही पेला कसा धरायचा, वास कसा घ्यायचा ठाऊक आहे. इथे देशोदेशीच्या वाईन थोड्या थोड्या मिळतात, तेव्हा ज्या द्राक्षाची चव माहीत आहे तिथून सुरुवात करा. शेनिन ब्लाँ आपण दिंडोरीकडची प्यायलेली असते, तिचं मूळ फ्रान्समधल्या लुआर खोऱ्यातलं; तिथली मिळाली तर घ्या आणि मग वाद घाला. माझ्या बाबांनी घातला, अर्धा तास, आणि निकाल नाशिकच्या बाजूने दिला. निःपक्ष परीक्षण अर्थातच नव्हतं.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. वय एकवीस पूर्ण लागतं आणि ओळखपत्र मागतात, केस पिकलेले असले तरी. आपल्यासाठी ओळखपत्र म्हणजे मूळ पासपोर्ट. आधार कार्ड दाखवून उपयोग नाही. दुसरं म्हणजे अकरा देशांत अकरा पेले रिचवायचा एक खेळ इथली तरुण पोरं खेळतात. फ्लोरिडाच्या दमट उन्हात हा खेळ कॅनडापासून निघून जर्मनीपर्यंतही नीट पोचत नाही. नका करू.

दुपारी कुठे बसायचं? लिव्हिंग विथ द लँड. पुढच्या भागात एक संथ बोटीची सफर आहे, हरितगृहांच्या मधून जाणारी. मातीशिवाय वाढवलेल्या भाज्या, वरून लोंबणारी मुळं, झाडासारखा पसरलेला टोमॅटोचा वेल, मासे पाळायच्या टाक्या. तिथलं काही पीक डिस्नेच्याच हॉटेलांत वापरतात. लहान मुलं कंटाळतात, पण निफाडहून आलेले आमचे एक काका, द्राक्ष बागायतदार, त्यांना बाहेर काढणं मुश्कील झालं. फटाके नकोत, मिकी नको, ते पुन्हा बोटीत. पाणी कसं सोडतात, नळ्या कुठून येतात, रोग पडला तर काय फवारतात, बोटीतल्या बोटीत मला विचारत होते, जणू मी तिथली कृषी सहायक. शेतीतलं कुणी बरोबर असेल तर हा भाग चुकवू नका.

पाऊस: ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दुपारी तीन-चारच्या सुमाराला बहुतेक रोजच विजांसकट धो धो कोसळतो आणि तासाभरात थांबतो. वादळांचा मोसम नोव्हेंबरअखेरपर्यंत असतो. रेनकोट घरून आणा, तिथे महाग. ऑक्टोबर संपता संपता हवा सुखावह होते, म्हणून सुट्टीचं जमत असेल तर तेव्हाच या.

तळ्याभोवतीची फेरी साधारण दोन किलोमीटरची, आणि मध्ये प्रत्येक देशात शिरायचं म्हटलं की दुप्पट. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी दारातच व्हीलचेअर भाड्याने मिळते, लाज न बाळगता घ्या. तळ्यातून पलीकडे नेणाऱ्या फुकट बोटी आहेत, हे बऱ्याच जणांना कळतच नाही. अजून एक गंमत आवर्जून सांगते. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या छातीवरच्या पाटीवर नावाखाली गाव लिहिलेलं असतं. नॉर्वेतली मुलगी खरोखर नॉर्वेची, जपानमधला मुलगा जपानचा. गर्दी नसेल तर त्यांच्याशी बोला, तुम्ही घरी काय खाता विचारा. स्टॉलवरच्या डिशपेक्षा ते ऐकण्यात जास्त मजा येते, आणि आपल्या आत्या-मावश्यांना हे फार छान जमतं, भाषा येवो न येवो.

रात्री नऊच्या सुमाराला तळ्यावर आतषबाजी असते. नेमकी वेळ त्या दिवशीच्या वेळापत्रकात बघा. ती संपली की सगळा पार्क एकदम बाहेर पडतो, बसला आणि मोनोरेलला रांगा लागतात. पंधरा-वीस मिनिटं तिथेच बसून राहा, शेवटची कॉफी घ्या, मग निघा. स्वतःची गाडी असेल तर सकाळी लावल्या लावल्या रांगेच्या नंबराचा फोटो काढून ठेवा आणि तो घरातल्या सगळ्यांच्या फोनवर पाठवा, कारण संध्याकाळपर्यंत ज्याच्याकडे फोटो असतो नेमकी त्याचीच बॅटरी संपलेली असते.