संड्रीत पडलेले ९ लाख ६२ हजार

मी बँकेच्या रिकव्हरीत आहे. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे घरांना कुलपं लावणं, पण निम्मा वेळ हिशोब जुळवण्यातच जातो. मार्चएंडच्या आधी ऑडिटवाले संड्री खात्यातल्या, म्हणजे कुठे टाकायचे ते न ठरलेले पैसे जिथे तात्पुरते ठेवतात तिथल्या, जुन्या एन्ट्र्या काढून हे काय, ते काय विचारत बसतात, त्यात ही दिसली. ९ लाख ६२ हजार, नॅरेशन, म्हणजे नोंदीपुढचा शेरा, फक्त 'सेल सरप्लस', १९ महिने तशीच पडून.

फाईल मागवली. वन बीएचके, सरफेसीखाली, म्हणजे थकलेल्या कर्जापोटी तारण घर कोर्टात न जाता विकायचा हक्क बँकेला देणाऱ्या कायद्याखाली, लिलाव. ३४ लाख ६० हजारांना गेलेला, बँकेचं येणं व्याजासकट २४ लाख १२ हजार, खर्च ८६ हजार, त्यात व्हॅल्युअर, दोन पेपरांतल्या जाहिराती, वकील आणि ताबा घेतल्यावर बसवलेला वॉचमन. उरले ते कर्जदाराचे. यात बँकेची मेहेरबानी काही नाही, कलम १३(७) मध्ये सरळ लिहिलंय की आधी खर्च, मग बँकेचं येणं, आणि राहील ते ज्याचा हक्क त्याला, तोवर बँक फक्त विश्वस्त. १३(२) ची, थकबाकी भरायला सांगणारी ६० दिवसांची नोटीस आमच्याकडे शिपायालाही पाठ आहे, १३(७) मात्र ऑफिसरांनाही पुस्तक उघडून दाखवावं लागतं.

मग दिले का नाहीत? तर एक पत्र गेलं होतं, स्पीड पोस्टाने. पत्ता वाचला आणि हसावं की रडावं कळेना. लिलावात विकलेल्या त्याच फ्लॅटचा पत्ता! आम्हीच बाहेर काढलं, आम्हीच दुसऱ्याच्या नावाने सेल सर्टिफिकेट दिलं, आणि पत्र तिथेच. पाकीट 'लेफ्ट' शेरा घेऊन परत आलं, फाईलला टाचलं गेलं, खाली आधीच्या साहेबांनी लिहिलं 'कर्जदाराचा ठावठिकाणा नाही'. सही मात्र काय वळणदार!

जामीनदाराचा नंबर त्याच फाईलीत तिसऱ्या पानावर होता. हप्ते थकले तेव्हा एजन्सीची पोरं या माणसाला सकाळ-संध्याकाळ फोन लावत होती, व्हिजिट रिपोर्टसुद्धा आहेत. मी एकदाच लावला, चार मिनिटांत कर्जदाराचा नंबर हातात. भिवंडीला गोडाऊनवर कामाला होता.

त्याला म्हटलं, पैसे द्यायचे आहेत, दोघं या, आधार-पॅन आणि कॅन्सल्ड चेक घेऊन. चूक माझीच. बँकेतून फोन आला आणि 'पैसे द्यायचे आहेत' म्हटलं की कोणी द्यायचे असं वाटणार माणसाला?

तिसऱ्या दिवशी नवराबायको आले. तो बसेचना. खिशातून घडी घातलेलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं, म्हणाला, "मॅडम, आत्ता ५ हजार आहेत, बाकीचं पगार झाला की बघतो." घर गेलं तरी कर्ज फिटलं नाही असं धरून हा माणूस दीड वर्षाहून जास्त जगत होता. नो ड्यूज, म्हणजे काही येणं बाकी नसल्याचं पत्र, त्याला कोणी दिलंच नव्हतं, आणि मागायला बँकेत यायची हिंमत कुठली.

मी पाकीट परत सरकवलं आणि स्टेटमेंट समोर ठेवलं. तो आकड्याकडे नुसता बघत राहिला. ती को-बॉरोअर, म्हणजे सहकर्जदार, तिने मात्र बोट ठेवून एकेक ओळ वाचली, वॉचमनच्या खर्चापाशी थांबली, रिकाम्या घराला वॉचमन कशाला म्हणाली, मग शेवटच्या ओळीवर येऊन म्हणाली, "हे १९ महिने तुमच्याकडंच होते ना? मग व्याज?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. हप्ता एक दिवस चुकला तरी आमची सिस्टीम आपोआप आकारणी करते, आणि संड्रीला व्याजाचा कॉलमच नाही.

दोघांच्या सह्या, दुसरा कोणी हक्कदार नसल्याचं डिक्लरेशन, वरची मंजुरी, सगळं होऊन ११ दिवसांत मुद्दल त्यांच्या खात्यात गेलं. व्याजासाठी मी झोनल ऑफिसला वेगळी नोट टाकली, निदान बचत खात्याच्या दराने तरी द्या म्हणून. परवा उत्तर आलं, 'कोणत्या खर्चाच्या हेडला डेबिट टाकायचे ते कळवावे.'

संड्रीत त्याच नॅरेशनच्या अजून चार एन्ट्र्या आहेत.