चार वाजले की पाय टपरीकडं

मे महिन्यातलं सोलापूर. पारा 43च्या आसपास, रस्त्यावर कुत्रंही सावली सोडायला तयार नाही, आणि तरीही चारच्या ठोक्याला पार्क चौकाकडच्या टपऱ्यांवर उकळत्या चहाभोवती गर्दी होते. एवढ्या उन्हात तहान भागवायला कुणी चहा पीत नाही. चार वाजले म्हणून पितात, सवयीनं.

नवं काम शिकताना कपाळामागचा मेंदू राबतो. तेच काम त्याच वेळी, त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा झालं की ते खोल आत, बेसल गँग्लिया नावाच्या केंद्रांकडं सोपवलं जातं. अमेरिकेत एमआयटीमध्ये अॅन ग्रेबिएल यांनी उंदरांना टी आकाराच्या वाटेवर पळवून हे पाहिलं. वाट अंगवळणी पडली, तशी तिथल्या पेशींची लगबग सुरुवातीला आणि शेवटी एकवटली. मधल्या टप्प्यात सामसूम. चादरीच्या जॅकार्ड मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ एकदा चढवली की प्रत्येक धाग्याचा विचार करावा लागत नाही, तसंच हे.

आता गोडीचं. वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञांच्या प्रयोगात माकडांना फळांचा रस मिळे, त्याआधी एक खूण दिसे. सुरुवातीला डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी रस मिळाल्यावर उसळत. सरावानंतर खूण दिसताच उसळू लागल्या, आणि रस आलाच नाही तर त्या वेळी मंदावल्या. चहाचं पातेलं दिसताच येणारी तरतरी आणि दूध संपलंय कळल्यावर होणारी चिडचिड, दोन्ही बहुधा याच घरची.

म्हणून 'उद्यापासून साखर बंद' ही घोषणा फारशी टिकत नाही. घोषणा कपाळामागं होते, चहा मात्र आतल्या केंद्रांच्या हुकमानं प्यायला जातो. शिवाय टपरीवर साखर पातेल्यातच पडलेली असते, ही अडचण बेत करताना कुणाच्या लक्षात येत नाही! तिथं अर्धा चहा सांगणं हाच खरा उपाय. घरी मात्र दोन चमच्यांवरून पाव-पाव चमचा उतरावं आणि दर पायरीवर दहा-बारा दिवस थांबावं, म्हणजे जीभ कुरकुरत नाही.

त्याआधी हवं काय आहे ते शोधावं, कारण बहुतेक जण इथंच चुकतात. एक दिवस टपरीवर जाऊन चहा न घेता नुसत्या गप्पा माराव्यात. एक दिवस खुर्चीतच चहा मागवावा. पाव तासानं हुरहुर राहिली का, ते पाहावं. पुष्कळांना साखर नकोच असते, खुर्चीतून उठायचं असतं.

मग बदली कृती एका ठरलेल्या खुणेला बांधायची: 'चार वाजले तर आधी बाटलीतलं पाणी, मग अर्धा चहा.' खूण रोजची हवी. आपल्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड येतं. 'पाणी भरून झालं की व्यायाम' असं ठरवणाऱ्याचा व्यायाम म्हणूनच अंगी लागत नाही.

21 दिवसांचा हिशेब विसरावा. मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जननं 1960 मध्ये रुग्ण नव्या चेहऱ्याला कधी सरावतात याबद्दल केलेलं निरीक्षण लोकांनी सवयींवर चिकटवलं. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात मधला आकडा 66 दिवसांचा निघाला, आणि पसारा 18 ते 254 असा. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही, हे त्यातलं सर्वांत कामाचं. दिवस चुकला की आपण सगळंच सोडून देतो, नुकसान होतं ते तिथं.

तंबाखूच्या माव्याचं वेगळं. त्यात निकोटीन आहे, नुसत्या खुणा बदलून भागेलच असं नाही. डॉक्टरांना किंवा तंबाखूमुक्तीच्या 1800-11-2356 या मोफत क्रमांकाला विचारावं.

सवयीची जुनी माळ मात्र फडताळात तशीच असते. महिनोन्‌महिने टपरीकडं न फिरकलेला माणूस जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर, म्हणजे यात्रेत, जुन्या टोळीत सापडला की तिसरा कप कधी आला ते कळत नाही. सिनेमागृहात पॉपकॉर्न खायची सवय असलेले लोक आठवडाभर जुनं, शिळं पॉपकॉर्नही ताज्याइतकंच खातात, पण दुसऱ्या हातानं खायला लावलं तर हात आवरतात, असं एका प्रयोगात दिसलं आहे. तेव्हा गड्ड्यापुरतं वेगळं ठरवावं: टोळी भेटली तर अर्धा चहा, आणि कप डाव्या हातात.