आंबेनळी, कोकणातून

महाबळेश्वरला सायकलने जायचं म्हटलं की पुण्याकडची मंडळी पसरणी घाटाच्या गोष्टी सांगतात. आम्ही महाडकर. आमच्या वाट्याला आंबेनळी. पोलादपूरहून साधारण 40 किलोमीटर, आणि जवळजवळ समुद्रसपाटीवरून साडेतेराशे मीटरवर.

"मावशी, ॲव्हरेज ग्रेड साडेतीन टक्केसुद्धा नाहीये," पोलादपूरच्या नाक्यावर भाच्याने मोबाईल पुढे केला. पोरगं पुण्यात नोकरीला, सायकल कार्बनची. मी म्हटलं, "सरासरी खिशात ठेव आणि पाणी भरून घे." सुरुवातीची सपाटी आणि प्रतापगड फाट्याच्या आसपासची उतरण त्याच सरासरीत मोजलेली असते. खरा चढ तिच्या दुपटीचा लागतो, आणि लागला की संपत नाही.

माझी सायकल जड आहे, पण पुढचं लहान चक्र 34 दातांचं आणि मागचं सर्वांत मोठंही 34 चंच बसवून घेतलंय. पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, दोन मीटरच्या जरा वर. मिनिटाला पंचावन्न फेरे मारले की ताशी सात किलोमीटर. पन्नाशीतल्या गुडघ्यांना हे गणित मानवतं. कुणी काही म्हणो, घाटात हलक्या गियरची लाज वाटायचं कारण नाही.

धुळवड नुकतीच झाली होती. साडेआठलाच अंगाला चिकटणारी हवा, पानही हलत नव्हतं. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे दमले की डोक्यात तेच सुरू होतं: स्नायू जी ऊर्जा जाळतात, तिचा जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत पोचतो. बाकीची सगळी उष्णता. सपाटीवर आपल्याच वेगाचा वारा घाम सुकवतो; ताशी सात किलोमीटरला कसला वारा? त्यात कोकणातली दमट हवा. घाम हनुवटीवरून हँडलवर ठिबकत राहतो आणि नुसता ठिबकलेला घाम अंग थंड करत नाही, तो वाळावा लागतो. मला पायांनी कधी दगा दिलेला नाही. जीव घाबरतो तो या उकाड्याने.

म्हणून एका बाटलीत साधं पाणी डोक्यावर ओतायला, दुसरीत मीठ-साखर-लिंबू प्यायला. भाच्याकडे दोन्हींत पुण्याहून आणलेलं कसलंसं गुलाबी पेय. तो पहिल्या तासात वळणाआड दिसेनासा झाला, पुढे एका पिंपळाखाली बसलेला सापडला. चेहरा त्याच पेयाच्या रंगाचा. माझ्या बाटलीतलं पाणी त्याच्या मानेवर ओतलं. एसटीतून एक आजी वाकून ओरडल्या, "गो बाय, गाडी बंद पडली काय?"

फाट्यावर दोन-दोन ग्लास ताक झालं. तिथून पुढे सावली वाढते, हवा हलकी होते. चढ तोच, पण अंगावरचा घाम वाळायला लागतो आणि माणूस परत माणसात येतो. 2021 च्या जुलैत हा रस्ता ठिकठिकाणी खचला होता. त्या दुरुस्तीच्या नव्या भिंती जाताना दिसतात. वरच्या टप्प्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. कंटाळवाणा आहे. फिरवत राहायचं.

महाबळेश्वरच्या बाजारात मक्याची भजी खाताना भाच्याला कंठ फुटला. "मावशी, पुढच्या वेळी वाईकडून येऊ. पसरणीही टफ आहे."

"असेल रे," मी म्हटलं, "पण वाई आधीच सातशे मीटरवर आहे. निम्मा डोंगर तर तुम्हाला बसल्या जागी मिळतो."