हिप्परग्याच्या पाण्यावर मोठ्या लाटेची तयारी: फेब्रुवारी ते जून

मोठ्या लाटांवरच्या सर्फिंगसाठी सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावावर मी सराव करतो. या वेळच्या नोंदीत जवळजवळ सगळं पॅडलिंगच आहे, म्हणजे बोर्डवर पालथं झोपून हातांनी पाणी मागे ओढत पुढे जाणं. बोर्डवर उभं राहणं, वळणं यातलं काहीच नाही, कारण त्याला लाट लागते आणि सोलापुरात ती नाही. पण मोठ्या लाटेत सगळ्यात अवघड काम ती पकडण्याचं असतं. त्यासाठी लागणारा वेग, खांदे आणि दम साचलेल्या पाण्यातही तयार होतात, हे माझं मत या पाच महिन्यांत पक्कं झालंय.

हिशेब मांडून बघा. लाट साधारण तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीच्या पाण्यात फुटते, म्हणजे ६ मीटरची लाट ७-८ मीटर पाण्यात. तिथे तिचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. हातांनी पॅडल मारणारा तयार सर्फर सगळा जोर लावून ताशी ६-७ किलोमीटर गाठतो. उरलेला फरक लाटेचा उतार भरून काढतो. मात्र आपला वेग जितका कमी, तितकी लाट आणखी उभी होईपर्यंत थांबावं लागतं, आणि उभ्या भिंतीवरून बोर्डसकट खाली आपटायची शक्यता तितकी वाढते. धावत्या एसटीचा दांडा धरायचा तर आधीपासून पळत असावं लागतं, तसंच हे. म्हणून हवाईतलं वेमिया आणि जॉज, कॅलिफोर्नियातलं मॅव्हरिक्स अशा मोठ्या लाटांच्या ठिकाणी हाताने लाट पकडणारे ९-१० फुटी 'गन' बोर्ड घेऊन उतरतात. लांब बोर्ड वेग लवकर सोडत नाही.

१९९० च्या दशकात अमेरिकन सर्फर लेर्ड हॅमिल्टन आणि त्याच्या साथीदारांनी जेट स्कीने ओढून घेऊन लाटेवर जायची पद्धत रुजवली आणि लाटांच्या आकाराची मर्यादाच बदलली. पोर्तुगालच्या नाझारेला २०२० मध्ये सेबास्टियन श्टॉयटनरने घेतलेली ८६ फुटांची लाट तशीच ओढून घेतलेली. त्याउलट एरन गोल्डने २०१६ मध्ये जॉजला ६३ फुटांची लाट फक्त हातांच्या जोरावर पकडली. मला ही दुसरी लाट जास्त मोठी वाटते, आणि माझं सगळं वेळापत्रक त्याच बाजूला झुकलेलं आहे.

माझ्याकडे ९ फुटी फोमचा बोर्ड आहे, किनाऱ्यावरून जुना घेतलेला. तुळजापूर रस्त्याने हिप्परगा तलावावर पहाटे पोचतो. मासेमारी करणारे थर्माकोलच्या तराफ्यांवर बसून जाळी काढत असतात, त्यामुळे कुठल्या बाजूला जाळी टाकलीत हे आधी विचारून घेतो. पायाला बांधलेली दोरी जाळ्यात अडकणं ही तलावावरची खरी धास्ती आहे, म्हणून इथे गुंडाळी असलेली आखूड लीश वापरतो. अंगात लाइफ जॅकेट घालतोच, आणि काठावर कोणीतरी असल्याशिवाय पाण्यात उतरत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये फक्त बोर्डवर झोपण्यावर काम केलं. ऐकायला किरकोळ वाटेल, पण निम्मा वेग इथेच आहे. बोर्डचं नाक पाण्याच्या चार बोटं वर राहायला हवं. त्याहून वर असेल तर शेपटी पाणी ढकलत राहते, खाली गेलं तर नाक घुसतं. छाती उचललेली, पाय जुळलेले, मान स्थिर. पाय फाकले की बोर्ड दोन्ही बाजूंना डुलतो आणि प्रत्येक डुलण्यात थोडा वेग जातो. छाती उचलून धरायला पाठीचा मधला भाग मोकळा लागतो. खुर्चीत बसून काम करणाऱ्यांचा तो आखडलेला असतो आणि सगळा ताण कमरेवर येतो. घरी फोमच्या रोलरवर पाठ उघडणं आणि पालथं झोपून हात वाय, टी, डब्ल्यू आकारात उचलणं सुरू केल्यापासून कंबर धरायची थांबली.

मग हात. बोटं आधी पाण्यात, खांद्याच्या रेषेत. समोर मध्याकडे गेली तर बोर्ड नागमोडी चालतो. त्यानंतरची एक गोष्ट मी सगळ्यात जास्त घोटली: कोपर वर ठेवून आधी पंजा आणि पुढचा हात सरळ खाली करायचा, आणि तो उभा झाल्यावरच मागे ओढायचं. कोपर आधी मागे घसरलं तर हात पाणी कापत निघून जातो, पकडत नाही. बोटं सैल, किंचित विलग. हात कमरेशी बाहेर काढायचा. त्यापुढे ढकलत राहिलं तर पाणी वर उडतं आणि बोर्डचा मागचा भाग खाली बसतो. फोमचा बोर्ड रुंद असल्यामुळे हात जरा बाहेरून आणि खोल न्यावा लागतो. गन बोर्ड याहून अरुंद असतो, तिथे हे सोपं जाईल असा अंदाज आहे.

याच हालचालीने खांदा दुखावतोही. ओढणारे स्नायू तगडे होत जातात आणि खांद्याला सांध्यात धरून ठेवणारे रोटेटर कफचे छोटे स्नायू मागे पडतात. कोपर बरगडीला चिकटवून रेझिस्टन्स बँड बाहेरच्या बाजूला ताणणं हा कंटाळवाणा व्यायाम आहे, तरी तो कधीच गाळू नका, असं नव्याने सुरुवात करणाऱ्यांना कळकळीने सांगेन.

एप्रिलपासून स्प्रिंट. पंधरा सेकंद पूर्ण जोर, मग दोन मिनिटं अगदी सावकाश. लाट पकडायचा प्रयत्न तेवढ्याच वेळाचा असतो. पहिले चार हात लांब आणि खोल, बोर्ड हलेपर्यंत. मग गती वाढवायची, पण खोली कमी होऊ द्यायची नाही. पंधरा सेकंदांत आधी २१ मीटर जात होतो, आता २४ जातो. शेवटचे दोन हात वेगळे मोजतो. लाट शेपटी उचलते तेव्हा लाट मिळाली असं वाटतं आणि हात थांबतात. मोठ्या लाटेत नेमकं तिथेच हनुवटी बोर्डकडे दाबून आणखी दोन जोरदार हात मारावे लागतात, कारण जमिनीकडून येणारा वारा लाटेच्या भिंतीवरून वर चढतो आणि बोर्डच्या नाकाखाली शिरून त्याला मागे धरतो.

हा वारा आपल्याकडे फुकट मिळतो. मे महिन्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा असा सुटतो की तलावावर छोट्या छोट्या लाटा उठतात. जाळीवाल्या मामांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मालक, वारं सुटल्यावर मधी जाऊ नका, काठ धरूनच राहा." त्यांचं ऐकून काठालगतच वाऱ्याच्या तोंडावर स्प्रिंट मारतो. नाक दाबून ठेवायची सवय शांत पाण्यात लागली नव्हती, ती वाऱ्यात लागली.

दमाबद्दल थोडं सावधपणे लिहितो. मॅव्हरिक्सला १९९४ मध्ये मार्क फूचा मृत्यू झाला, आणि तो नवखा नव्हता, हवाईतला नावाजलेला सर्फर होता. तिथेच २०१० मध्ये शेन डोरियन हा सर्फर लागोपाठ दोन लाटांखाली दाबला गेला. त्यातून वाचल्यावर त्याने हवेने फुगणाऱ्या सुरक्षा-जॅकेटची कल्पना पुढे आणली, आणि आज मोठ्या लाटेत उतरणारे बहुतेक जण तसलं जॅकेट घालतात. निवांत पडून चार मिनिटं श्वास रोखता येणं याचा मला फारसा उपयोग दिसत नाही. खाली दाबलं जातं तेव्हा नाडी आधीच धडधडत असते. म्हणून जलतरण तलावात एक लांबी जोरात पोहून, दोन श्वास घेऊन, पाण्याखाली वीस सेकंद अंग सैल सोडून राहतो.

हे एकट्याने कधीही करू नका. आणि आधी भराभर खोल श्वास घेऊ नका. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यायची निकड त्याच्यामुळेच जाणवते, आणि ती जाणवायच्या आत ऑक्सिजन संपून माणूस पाण्यात बेशुद्ध पडतो. छातीभर पाण्यातसुद्धा. आमचा नियम असा: एक खाली, दुसरा वरून फक्त त्याच्याकडेच बघणार, आणि वर आल्यानंतरही अर्धा मिनिट नजर हलवायची नाही.

पावसाळ्यात पाणी गढूळ आणि तलाव भरता असतो, तेव्हा जुलै-ऑगस्ट जमिनीवरचे व्यायाम आणि जलतरण तलाव एवढंच. दिवाळीनंतर कर्नाटकात मुल्कीला जाऊन हा वेग खऱ्या, छोट्या लाटांवर तपासायचा आहे. कोणाकडे साडेनऊ फुटांच्या वरचा अरुंद बोर्ड असेल आणि तो एखाद्या सकाळी हिप्परग्यावर आणता येत असेल तर कळवा. त्याच पंधरा सेकंदांत दोन्ही बोर्ड मोजून बघू.