पांढरं सोनं आणि मराठीचा तास

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिहा, असे शाळेचे पत्र आले आणि लिहायचे ते मराठीच्या सरांवरच, हे तेव्हाच ठरले. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये. भाषेचे अलंकार आम्हाला सरांनी बाजारातून, एसटीतून, शेतातून वेचून दाखवले.

आठवीत कोणीतरी ‘पांढरं सोनं घरात आलं’ हे रूपकाचे उदाहरण म्हणून सांगितले. सरांनी कापसाचे बोंड टेबलावर ठेवले आणि अख्खा तास त्यावरच घेतला. ‘कापूस सोन्यासारखा मोलाचा’ ही उपमा. चारही अंगे हजर. ज्याची तुलना करायची तो कापूस उपमेय, ज्याच्याशी करायची ते सोने उपमान, मोल हा साधारण धर्म म्हणजे दोघांतला समान गुण, ‘सारखा’ हा साम्यवाचक शब्द. ‘कापूस जणू सोनंच’ ही उत्प्रेक्षा. ‘हा कापूस नव्हे, सोनं आहे’ ही अपन्हुती. ‘सोन्याहून मोलाचा’ म्हटले की व्यतिरेक. ‘कापूस हेच आमचं सोनं’ हे रूपक, कारण दोन्ही नावे घेऊन त्यांना एक केले. पण ‘पांढरं सोनं घरात आलं’ यात कापसाचे नावच नाही. उपमानाने उपमेय गिळले, म्हणून ती अतिशयोक्ती; नुसते फुगवून सांगणे नव्हे, तर तिचा रूपकातिशयोक्ती हा प्रकार.

आजकाल खुणेचा शब्द दिसला की मुले अलंकाराचे नाव लिहून मोकळी होतात, याचे वाईट वाटते. ‘पोरगं सारखं रडतं’ यात ‘सारखं’ आहे, उपमा कुठे आहे? सर आधी विचारायचे: वस्तू दोन आहेत का, आणि त्यांच्यात समान काय?

श्लेषाची, म्हणजे एकाच शब्दातून दोन अर्थ निघण्याची, त्यांची कसोटी मी आज वर्तमानपत्राचे मथळे तपासताना रोज वापरतो. ‘यंदा कापसालाही भाव नाही अन् आम्हालाही.’ आता ‘भाव’ काढून ‘दर’ घाला. कापसाचे जमते, माणसाचे कोसळते. समानार्थी शब्दाने खेळ मोडला, म्हणजे तो शब्दश्लेष.

लक्षणा, म्हणजे मूळ अर्थ जुळत नाही तेव्हा शब्दाचा त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेणे, ती तर त्यांनी रेल्वेच्या डब्यात पकडली. गाडी धावते, पण प्रवासी म्हणतो, ‘भुसावळ आलं.’ गाव जागचे हलत नाही, म्हणून मुख्य अर्थ अडतो. रूढीमुळे दुसरा अर्थ लागतो आणि कोणी गोंधळत नाही. दुकान बंद करताना ‘वाढवलं’ आणि निघताना ‘येतो’ म्हणतात, ते मात्र अशुभ शब्द टाळण्यासाठी, हा फरक त्यांनी तिथेच नोंदवून घेतला.

ऐकलेले एक वाक्य रोज फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा सरांचा रिवाज होता. शाळेने तो पुन्हा सुरू करावा, ही विनंती.